सलालाची केळी आणि घाडीकाकांचं नाक

ओमप्रकाश घाडी असं नाव सांगितलं की मस्कतमधला कुठलाही माणूस आधी हिंदीत सुरू होतो. मग घाडींना सांगावं लागतं, "अहो, मी देवगडकडचा. मराठीत बोला." दोष त्यांच्या वडिलांचा. ते फौजेत होते, जबलपूरला ओमप्रकाश नावाचा त्यांचा एक जिवलग हवालदार होता, आणि त्या दोस्तीच्या भरात त्यांनी पोराचं नाव ठेवून दिलं. गावात कुणाला ते धड उच्चारता येईना, म्हणून सगळे परकाश म्हणत. इथे ओमानात अर्ध्या लोकांना दोन्ही नावं ठाऊक नाहीत. फळांच्या घाऊक बाजारात चौकशी करा, लोक सांगतील, "वो नाकवाला अंकल? उधरही होगा."

आता हे नाक म्हणजे काय चीज होती ते सांगायला हवं. चोवीस वर्षांपूर्वी घाडी मस्कतच्या मत्रह भागातल्या एका जुन्या कच्छी शेठच्या गोदामात कामाला लागले. तिसऱ्याच दिवशी ते दारात उभे राहून म्हणाले, "त्या मागच्या थप्पीत खालून दुसरी पेटी काढा, आत एक पपई गेलीय." शेठ हसला. पेटी काढली, तर आत खरोखर एक पपई गेलेली. त्या दिवसापासून शेठनं हसणं सोडलं आणि घाडींच्या हातून हमाली सुटली. पुढे सलालाच्या एका बागायतदारानं, अर्बाब (म्हणजे मालक) मुसल्लम यांनी, त्यांना आपल्याकडे ओढून घेतलं. सलालाची हिरवी केळी हजार किलोमीटर येऊन मस्कतला चेंबरमध्ये, म्हणजे गॅसच्या बंद खोलीत, पडायची, आणि ती पिकवायचं काम घाडींचं.

रोज सकाळी सातला हा सोहळा असायचा. घाडी पेटी उचलायचे, नाकाशी धरायचे, डोळे मिटायचे. बाजूला व्यापारी, हमाल, अर्बाबचा माणूस, सगळे गप्प. मग घाडी म्हणायचे, "हं. उद्या." किंवा, "आज दुपारी काढा, थांबू नका." चेंबरला तापमानाचे आकडे होते, गॅसचं मीटर होतं, भिंतीवर केळ्याच्या रंगांचा तक्ताही होता. पण घाडींनी हं म्हटल्याशिवाय दार कुणी उघडत नसे.

आणि हे नाक तीन वर्षांपूर्वी गेलं.

कसं गेलं? चार दिवस ताप आला, इतकंच. ताप उतरल्यावर एका सकाळी शीला, म्हणजे त्यांची बायको, आंघोळीहून बाहेर आली तर स्वयंपाकघरात धूर. दूध करपून पातेलं काळं ठिक्कर, आणि दोन हातांवर घाडी मोबाइल बघत बसलेले. ती ओरडली तेव्हा त्यांनी वर पाहिलं. दोघंही त्या पातेल्याकडे बघत राहिली. पॉलीक्लिनिकचा डॉक्टर केरळचा, पण तोही म्हणाला, "येईल परत, इन्शाल्ला." सहा महिने वाट पाहिली. आलं नाही.

घाडींनी हे शीलाशिवाय कुणालाही सांगितलं नाही. सांगणार कसं? अठ्ठावन्नाव्या वर्षी अर्बाब आपला व्हिसा दरवेळी वाढवतो तो कशासाठी, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि त्यांच्या व्हिसावर शीला आणि पूर्वा, दोघींचा मुक्काम. पूर्वा इथेच जन्मलेली, अल अमेरातच्या दोन खोल्यांत वाढलेली, यंदा बारावीला. व्हिसा संपत होता डिसेंबरात, तिची परीक्षा मार्चमध्ये. मधेच उठून गावी गेलो तर ही पोर कुठल्या शाळेत बसणार, मराठी वाचताना जिची जीभ अडखळते ती? निदान मार्चपर्यंत तरी टिकायचं, असं घाडींनी ठरवून टाकलं होतं.

म्हणून सोहळा चालू राहिला. सातला पेटी नाकाशी, डोळे मिटलेले, "हं. उद्या." फरक एवढाच की घाडी आता अंगठ्यानं केळ्याचा देठ दाबून बघत, पेटीच्या भोकातून तळवा आत घालत, थप्पीच्या मधोमध हात धरून उभे राहत, आणि मग नाकाचं नाटक करत. फळ पिकायला लागलं की आतून तापतं, हे त्यांना लहानपणापासून माहीत. गवतात आंब्याची आढी घातली की आजोबा आधी हात खुपसायचे, नाक नंतर. घाडींनी तीन वर्षांत एक चेंबर बिघडू दिलं नाही. तरी रोज सकाळी ते लबाडी करत होते, आणि त्यांना त्याची लाज वाटत होती. शीला म्हणायची, "अवो, एकदा सांगान टाका." ते म्हणायचे, "तू गप रव."

मग बाजार नव्या जागी गेला आणि जुनं चेंबर मागे पडलं. अर्बाब मुसल्लम हे काही रडत बसणारे गृहस्थ नव्हेत. त्यांनी एक जुना रेफर ट्रक घेतला, म्हणजे थंड डब्याचा ट्रक, आणि जाहीर केलं की यापुढे हेच आपलं चेंबर. सलालाच्या बागेतच केळी भरायची, डब्यात एक दिवस पिकवायचा गॅस द्यायचा, मग हवा खेळती करून निघायचं. दोन दिवस रस्त्यात केळी पिकतील आणि मस्कतला पिवळी होऊन उतरतील. चार दिवस वाचतील, दोनदा चढवणं-उतरवणं वाचेल.

एका सुपरमार्केटच्या खरेदीवाल्या, मूळच्या वसईच्या पामेला मॅडम एक ट्रक घेऊन बघायला तयार झाल्या. अट सरळ होती. बुधवारी सकाळी आठला माल गोदामात हवा, रंग पाच नंबर, म्हणजे अंगानं पिवळी पण देठाला आणि टोकाला हिरवी. जमलं तर दर आठवड्याला एक ट्रक. नाही जमलं तर राम राम.

"नहीं हुआ तो मैं हरा बेचेगा," अर्बाब घाडींना म्हणाले. "पकाने का काम खलास. लेकिन तुम साथ में जाओ, ओम. तुम्हारा नाक है, तो क्या फिकर."

घाडी हसले. दुसरं काय करणार होते?

ट्रकवर होता व्हॅलेंटाईन. वसईचा, चाळिशीचा, मूळचा रेफर मेकॅनिक, पण हेवी लायसन्स असल्यामुळे गाडीही तोच हाणायचा. त्याच्या आजोबांची वसईला केळीची वाडी होती. लहानपणी सुट्टीत तो सुकेळी वाळत घालायचं काम करायचा आणि निम्मी खाऊन टाकायचा, असं स्वतःच सांगायचा. घाडींना तो काका म्हणायचा आणि आंब्यावरून छळायचा. "काका, आंबा दोन महिने असतो हो. केळं बाराही महिने. मग राजा कोण?" घाडी म्हणायचे, "राजा रोज दारात उभा राहत नाही, बाबा." असा दोघांचा संसार.

ऑक्टोबर होता. सलालाचे डोंगर अजून हिरवे होते, रस्त्याकडेला शहाळी आणि केळ्यांचे घड टांगलेल्या टपऱ्या होत्या. घाडींना तिथे गेलं की उगाचच बरं वाटायचं. बागेत त्यांनी सातशे पेट्या भरून घेतल्या. पहिल्यांदाच रस्त्यानं जायचं, वळणावर थप्पी कलंडली तर काय घ्या, म्हणून पेट्या एकमेकींना घट्ट लावल्या, बोट शिरेल इतकीही फट नाही. हमालांनी विचारलं, एवढं घट्ट? घाडी म्हणाले, घट्टच. चेंबरमध्ये थप्प्या जागच्या हलत नाहीत, म्हणून तिथे फटी ठेवता येतात, असं त्यांचं गणित. गॅस दिला, एक दिवस दार बंद ठेवलं, मग दार उघडून डबा वारा देऊन मोकळा केला, ताज्या हवेची झडप उघडली आणि सोमवारी उजाडता उजाडता गाडी निघाली.

पहिला दिवस सुतासारखा सरळ गेला. सकाळीच थुमरैत मागे पडलं, दुपारनंतर वाळू उडायला लागली. व्हॅलेंटाईन म्हणाला, "काका, झडपेतून वाळू आत जाईल. लावून घेतो." घाडींनाही ते पटलं. झडप लावली. मुक्काम अर्ध्या वाटेवरच्या हैमा गावाला केला.

मंगळवारी सकाळी हैमाच्या हॉटेलात पराठा आणि चहा झाल्यावर दोघांनी मागचं दार जरासं उघडून बघितलं. केळी हिरवीच, पण तो हिरवा जरा उजळलेला. तापमानाचा आकडा दाखवत होता सतरा. सगळं कसं छान. व्हॅलेंटाईननं डोकं आत घातलं, नाक ओढलं, पुन्हा ओढलं.

"काका, मला जरा आंबूस वाटतंय. आमच्याकडे नाताळच्या आधी वाइन घालतात ना, त्या बरणीचं झाकण काढल्यावर येतो तसा. तुम्ही बघा."

झालं. घाडी पुढे झाले, दारातली पेटी उचलली, नाकाशी धरली, डोळे मिटले. समोर काही नव्हतं. कोरं. तीन वर्षं असतं तसंच. त्यांनी दारातल्या पेटीत हात घातला, ती गार होती.

"हं," ते म्हणाले. "ठीक आहे. असाच पाहिजे."

"मग बरोबर," व्हॅलेंटाईन म्हणाला आणि दार लावलं.

पुढचा तास घाडींनी काय भोगलं ते त्यांनाच माहीत. रस्ता सरळसोट, दोन्हीकडे नुसतं सपाट माळरान, बघायला उंटही नाही. व्हॅलेंटाईन गाणं गुणगुणत होता. घाडींच्या डोक्यात मात्र ती बरणी. हा माणूस केळ्यांच्या वाडीत वाढला. हा उगाच वाइनचं नाव घेईल? दारातली पेटी गार, ती असणारच, दाराशी हवा लागते. मधल्या थप्पीत कुणी हात घातलाय? फट ठेवलीय का हात घालायला? आणि आत उबारा धरला असेल तर केळं बाहेरून हिरवंच राहतं आणि आत खीर होते, डोळ्यांना पत्ता लागत नाही. उद्या सकाळी पामेला मॅडम सुरी घालतील तेव्हाच लागेल.

आणि आता गाडी थांबवली तर कारण सांगावं लागेल. कारण सांगितलं तर डिसेंबर.  गप्प बसावं, होईल ते होईल, असंही एकदा मनात आलं, आणि ते मनात आल्याचा त्यांना संताप आला. सातशे पेट्या कुणाच्या तरी घामाच्या होत्या.

"व्हॅली, गाडी बाजूला घे."

"इथे? पुढे पंप आहे काका, तिथेच जा की."

"ते नाही रे. तो मघाचा वास."

"तुम्ही म्हणालात ना ठीक आहे."

"म्हणालो. पण मला वास येत नाही."

"मग नसेलच. मलाच वाटलं असेल."

"अरे बाबा, मला कसलाच वास येत नाही. तीन वर्षं झाली."

 व्हॅलेंटाईननं त्या रिकाम्या रस्त्यावर व्यवस्थित सिग्नल दिला, गाडी कडेला घेतली, ब्रेक ओढला. मग म्हणाला, "म्हणजे काल मी बूट काढले तेव्हा तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत. मला वाटलं, काका किती सभ्य."

घाडींना हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. व्हॅलेंटाईनचं मात्र हसणं तेवढ्यावरच संपलं. तो चिडला होता.

"मला आला होता वास, काका. स्वच्छ आला होता. तुम्ही हं म्हणालात आणि मी माझंच नाक खोटं धरलं. एवढा मोठा घोडा झालोय मी, केळ्यात जन्म गेला माझा, आणि तरी."

"चूक माझी," घाडी म्हणाले. "चल, खाली उतर. भांडण नंतर कर."

दोघांनी दार सताड उघडलं आणि दारातल्या दोन थप्प्या खाली उतरवल्या. मग घाडी आडवे होऊन मधे शिरले आणि तिसऱ्या ओळीतल्या पेटीच्या भोकात त्यांनी तळवा सारला. तापलेल्या पोराच्या कपाळासारखी पेटी. पुढची तशीच. त्याच्या पुढची त्याहून. एक केळं सोलून पाहिलं. साल हिरवी, आत लगदा.

"आढी तापलीय," घाडी आतूनच म्हणाले. "झडप उघड. पंखा पूर्ण कर. आणि मला एक मार्कर दे."

मग जे झालं ते कुठल्याही तक्त्यात लिहिलेलं नाही. आंब्याची आढी तापली की कोकणात काय करतात? उलटतात. मधलं कडेला, कडेचं मधे. भर उन्हात, त्या ओसाड रस्त्याकडेला, ताडपत्रीची सावली करून, दोन माणसांनी केळ्यांची आढी उलटली. घाडी पेटीत हात घालून सांगायचे, "ही गरम. ही कोमट. ही बरी." व्हॅलेंटाईन त्याच पेटीला नाक लावायचा. "आंबूस. आंबूस. ही नाही, ही गोड आहे." एका पेटीवर दोघांचं जुळेना. घाडी म्हणाले कोमट, व्हॅलेंटाईन म्हणाला गोड. सोलून बघितलं तर दोघंही बरोबर होते, केळं पिकायला लागलं होतं पण बिघडलं नव्हतं. तशा पेट्यांवर घाडींनी मार्करनं फुली मारली. थप्प्या परत लावल्या त्या हात शिरेल एवढ्या फटी ठेवून, आणि फटींत लाकडाचे तुकडे ठोकले, म्हणजे कलंडायला नकोत. तीन तास गेले. दोघांच्या शर्टांचं पार पोतेरं झालं.

छपन्न पेट्या गेल्या होत्या. त्या त्यांनी वेगळ्या काढल्या आणि निझवाला एका ज्यूसवाल्याला फुकट दिल्या. तो मल्याळी खूश. त्याला लगदाच हवा होता.

तिथेच चहा पिताना व्हॅलेंटाईन म्हणाला, "काका, मी कुणाला सांगणार नाही. आईशप्पथ. आपण दोघं मिळून एक नाक. दर ट्रिपला मी वास घेऊन हळूच सांगेन, तुम्ही हं म्हणा. कुणाला कळतंय?"

मन मोठं होतं पोराचं. घाडींना क्षणभर ते इतकं गोड वाटलं की काय सांगावं. मार्च काय, पुढचा मार्चही निघाला असता.

"आणि तू रजेवर गेलास की?" ते म्हणाले. "दुसरा कुणी येईल. त्यालाही वास येईल. तो माझ्याकडे बघेल, मी हं म्हणेन, आणि तो आपलं नाक बंद करेल. आज तेच झालं की."

त्यांनी शीलाला फोन लावला आणि सगळं सांगितलं.  ती म्हणाली, "मी तीन वर्सां सांगतंय. आता तुमीच काय ता ठरवा. माझ्या तोंडाकडे बघान ठरवू नकात." घाडी म्हणाले, "पूर्वाची परीक्षा गो." ती म्हणाली, "पूर्वा शेंबडा पोर नाय हा."

बुधवारी पावणेआठला गाडी गोदामाच्या दारात लागली. अर्बाब मुसल्लम पांढऱ्याशुभ्र पायघोळ दिशदाशात आधीच येऊन उभे होते. पामेला मॅडम म्हणजे पन्नाशीच्या, बारीक केस कापलेल्या, हातात सुरी, टोचायचा थर्मामीटर आणि रंगांचा तक्ता. व्हॅलेंटाईननं मोठ्या आशेनं सांगून पाहिलं की आपणही वसईचे. त्या म्हणाल्या, "छान. पण केळी सलालाची आहेत ना? दार उघड."

दार उघडलं. आता स्वतःच केलेल्या कामाचं कौतुक करू नये म्हणतात, पण दृश्य बघण्यासारखं होतं. पिवळी धम्मक, देठाला आणि टोकाला हिरवी चिमूट.

अर्बाबचा चेहरा फुलला. त्यांनी पहिली पेटी स्वतः उचलली आणि सगळ्यांच्या देखत घाडींपुढे धरली. "यल्ला, ओम. मॅडम को दिखाओ. नाक लगाओ."

घाडींनी पेटी हातात घेतली. चोवीस वर्षांची सवय, हात आपोआप वर जायला लागले. ते थांबले आणि त्यांनी पेटी परत अर्बाबच्या हातात दिली.

"अर्बाब, आप देखो."

"मैं? मुझे क्या समझता है?"

"नाक तो है ना आपका. मेरा नहीं है. तीन साल पहले गया."

मग घाडींनी सगळं सांगितलं, गल्फच्या त्या मोडक्यातोडक्या हिंदीत, पण काही शिल्लक न ठेवता. ताप, करपलेलं दूध, रोजचं नाटक, घट्ट लावलेल्या थप्प्या, हैमाचं खोटं हं. पामेला मॅडमकडे वळून ते मराठीत म्हणाले, "मॅडम, छपन्न पेट्या गेल्या, त्या आणल्याच नाहीत. आणि ज्यांच्यावर फुली आहे त्या ब्याऐंशी पेट्या आजच दुकानात लावा, उद्यावर ठेवू नका. त्या एक दिवस पुढे आहेत. बाकीच्या शनिवारपर्यंत टिकतील."

"बघून तर सगळ्या सारख्या दिसतायत," पामेला मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला कसं कळलं?"

"हातानं."

त्यांनी एका फुलीच्या पेटीतल्या केळ्यात थर्मामीटर खुपसला. मग बिनफुलीच्या. मग आणखी चार पेट्यांत, अगदी मागे जाऊन, कसून. फुलीवाली प्रत्येक पेटी दोन अंश वर होती. एकही चुकली नव्हती. त्यांनी काही केळी सुरीनं कापून पाहिली आणि सुरी पुसली.

"मला रोज केळी विकणारे येतात," त्या म्हणाल्या. "कुठली आधी खराब होतील हे आजवर कुणी आपणहून सांगितलेलं नाही. पुढच्या बुधवारी पुन्हा आणा. फटी ठेवून. महिनाभर बघते, मग कायमचं बोलू."

अर्बाब अजून पेटी धरूनच उभे होते. त्यांनी हळूच ती नाकाशी नेली, डोळे मिटले, घाडी मिटायचे तसेच. बराच वेळ तसे राहिले. तीस वर्षं केळी लावणारा माणूस, पण घाडी आल्यापासून स्वतः वास घ्यायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती.

"तीन साल," ते शेवटी म्हणाले. "तीन साल मेरा केला किसने पकाया?"

"मैंने."

"बिना नाक के?"

"बिना नाक के, अर्बाब."

"तो फिर?" अर्बाब एकदम वैतागले, जसा घरचा माणूस वैतागतो. "मैंने वीजा आदमी का बनाया, ओम. नाक का नहीं. डिसेंबर में पासपोर्ट लेके आओ. और ये बात मुझे पहले बोलना था, आयब है, बहोत शरम की बात है." एवढं बोलून त्यांनी पेटी व्हॅलेंटाईनच्या हातात कोंबली आणि त्याला बजावलं की यापुढे सगळ्यांनी वास घ्यायचा, हमालांनीसुद्धा, आणि ज्याला शंका येईल त्यानं बोलायचं. घाडी ट्रकच्या पायरीवर बसले. 

दुपारी ते अल अमेरातला घरी पोचले तेव्हा पूर्वा शाळेतून आलेली होती आणि शीलानं तिला सगळं सांगून टाकलेलं होतं. पोरगी दारातच उभी, डोळे लाल.

"माझ्या ट्वेल्थसाठी? पप्पा, थ्री इयर्स तुम्ही कोणाला बोलला नाही, माझ्या एका एक्झामसाठी? मला सांगायचं ना. मी तुम्हाला रोज विचारायची, पप्पा डोसा कसा स्मेल करतोय, आणि तुम्ही मस्त म्हणायचे."

"मस्तच असणार, म्हणून म्हणायचो."

"दॅट्स नॉट फनी."

"नाही," घाडी म्हणाले. "चुकलंच माझं." त्यांनी पिशवीतून केळ्यांची फणी काढली. पामेला मॅडमनी सुरी न लावलेली दिली होती, चार केळ्यांची. एक सोललं, अर्धं तिला दिलं, अर्धं स्वतः घेतलं. मऊ लागलं, गोड लागलं, आणि त्यापुढचं जे काही असतं ते लागलंच नाही. ते त्यांना एकदम असह्य झालं. तीन वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी ते बोलून दाखवलं. "पूर्वा, वास कसा आहे गो त्याचा? मला आठवत नाही आता."

तिनं अर्धं केळं नाकाशी धरलं.

"गोड," ती म्हणाली. "म्हणजे शुगरसारखा गोड नाही. थोडा... हिरवा पण आहे. आणि आत काहीतरी वॉर्म आहे, दुधासारखं, पण दूध नाही." तिनं पुन्हा वास घेतला, कपाळाला आठ्या घातल्या, शीलाकडे पाहिलं. शीलानं मान हलवली, तूच शोध म्हणाल्यासारखी. "पप्पा, मला तो मराठी वर्ड येत नाहीये. थांबा हं जरा."

"आठव सावकाश," घाडी म्हणाले आणि पंख्याखाली खुर्ची ओढून बसले. "मार्चपर्यंत कुठे जायचं नाहीये आपल्याला."